घरच्या लेकराचा दोरा

चिंचटेक गावाच्या पूर्वेला, नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर चिंचेची सतरा झाडं एका ओळीत उभी आहेत. त्या झाडांच्या पलीकडे एक लहानशी मठी होती, आणि त्या मठीत श्री निवांतबाबा महाराजांनी बारा वर्षं वास केला. महाराज कुठले, कुणाचे, कुणालाच ठाऊक नव्हतं. एका पौषात ते आले आणि चिंचेखाली बसले, एवढंच गावाला माहीत. चमत्कार करताना त्यांना फार थोड्यांनी पाहिलं; प्रश्न विचारताना मात्र सगळ्या गावाने पाहिलं. कुंभाराला विचारायचे, "चाक थांबल्यावर माती दमते का रे?" सुताराला विचारायचे, "करवत जाताना जास्त कापते की येताना?" लोक हसायचे. पण भाविकहो, महाराजांचा प्रश्न कधी वाया गेला नाही. त्याचं उत्तर कधी चार दिवसांनी मिळायचं, कधी चार वर्षांनी. आज सांगते त्या गोष्टीत ते एका दुपारीच मिळालं.

गावात दिवटे नावाचं कोष्ट्याचं घर होतं. घरात चार माग आणि अकरा माणसं. सासू गिरजाबाई, दोन मुलगे मल्हारी आणि रंगनाथ, दोन सुना भीमा आणि यमुना, बाकी नणंदा, पुतणे, लेकरंबाळं. एकाचं दुखलं की अकरांना कळायचं आणि एकाचं शुभकार्य असलं की अकराही जण नवं लुगडं-धोतर नेसायचे. त्यांच्या घरातला एकही आनंद एकट्याचा नसे. बारसं असो की जावळ, शक्य तेवढं ते चैत्रातल्या सप्ताहाला जोडून घेत, म्हणजे महाराजांच्या दारात होतं आणि गावही जेवतं.

आणि सप्ताहात या घराची एक सेवा ठरलेली होती.

सप्ताहाला पंचक्रोशीतून बायका यायच्या. कडेवर तान्हं, मांडीला बिलगलेलं दुसरं. कीर्तनात बसावं तर लेकरू रडतं, उठावं तर मागे बसलेल्या पुरुषांच्या कपाळाला आठ्या. एका सप्ताहात गिरजाबाईंनी पाहिलं, की एक लेकुरवाळी मांडवाच्या बाहेर उन्हात उभी राहून, लेकराला खांद्यावर थोपटत, कान आतल्या अभंगाकडे लावून ऐकते आहे. त्या घरी आल्या आणि मुलांना म्हणाल्या, "आपल्याकडे लुगड्यांना तोटा नाही. झोळ्या बांधू."

तेव्हापासून सप्ताहात चिंचांच्या ओळीत झोळ्या लागायच्या. जमिनीपासून हातभरच उंच, कारण लेकरू पडलंच तर लागू नये. खाली गोणपाट, भोवती हळदीची रेघ, मुंग्या येऊ नयेत म्हणून. पाण्याचा रांजण मुद्दाम दूर. सूर्य सरकला की मल्हारी आणि रंगनाथ उन्हात आलेल्या झोळ्या सोडून सावलीतल्या फांदीला बांधायचे. दिवसभर हेच.

आता चाळीस लेकरं एका जागी म्हटल्यावर कुठलं कुणाचं, हे कसं ओळखायचं? त्यावर या कोष्ट्यांनी आपल्या धंद्यातलाच तोडगा काढला होता. मागावर उरलेल्या रंगीत सुताची टोकं त्यांच्याकडे ढिगाने असत. आई लेकरू घेऊन आली की एकाच सुताचे दोन तुकडे करायचे, एक लेकराच्या मनगटाला, एक आईच्या. लाल-पिवळा, निळा-पांढरा, जांभळा-केशरी. एका जोडीसारखी दुसरी नाही. गाठ मारायची ती कोष्ट्याची, मागावर तुटलेला धागा सांधतात तशी, बारीक आणि न सुटणारी. संध्याकाळी दोऱ्याला दोरा जुळला, की लेकरू आईच्या हाती. इतक्या वर्षांत एकाही लेकराची अदलाबदल झाली नव्हती.

गावात या सेवेचं कौतुक सगळ्यांना होतं, एक सुंदराक्का पाटलीण सोडून. महाराज येण्याआधीपासूनच्या या सप्ताहात पाटलांच्या घराला सात पिढ्यांचा मोठा मान होता. शेवटच्या दिवशी, काल्याच्या दुपारी, सात दिवसांचं निर्माल्य बांबूच्या मोठ्या हाऱ्यात भरायचं, त्यावर पिवळा शेला झाकायचा आणि बैलगाडीतून नेऊन राणूबाईच्या डोहात सोडायचं. शेला एकदा झाकला की उघडायचा नाही, आणि हारा पाण्यात उपडा करताना आत बघायचं नाही, असा दंडक होता. हा मान सुंदराक्कांच्या हातचा. त्यांना त्याचा अभिमान होता, आणि अभिमान वाटून उरला की तो दुसऱ्याला टोचायला लागतो.

"काय गं गिरजे," त्या चिंचेखालून जाताना म्हणायच्या, "देवाच्या दारी येऊन परक्या पोरांची नाकं पुसतेस. यालाच सेवा म्हणतात होय तुमच्यात?"

गिरजाबाई हसून म्हणायच्या, "पाटलीणबाई, नाकं तर नाकं. देवानेच दिलीत ती."

"मग पूस बाई. आम्ही जातो देवाकडे."

तर त्या वर्षीचा काल्याचा दिवस. दिवट्यांच्या घरात आनंदाला उधाण आलं होतं, कारण यमुनेच्या लेकीला, गोदाला, नववा महिना लागला होता आणि तिचं उष्टावण काल्यानंतर महाराजांच्या हातून व्हायचं होतं. वाटीभर खीर शिजवून झाकून ठेवली होती. गोदाला नवं परकर-पोलकं. ती नुकती रांगायला लागली होती, आणि काही हाताशी सापडलं की धरून उभी राहायची. ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्यांना सांगायला नको, की हे वय किती लबाड असतं! काल जिथे पोहोचत नव्हतं, तिथे आज पोहोचतं. आणि कालच्या भरवशावर आपण निर्धास्त असतो.

सकाळी महाराज चिंचेखाली आले. एकेक झोळी वाकून पाहिली. मग गिरजाबाईंना म्हणाले, "गिरजामाय, दोरे सगळ्यांना बांधले?"

"हो महाराज. एक्केचाळीस लेकरं आलीत. एकही सुटलं नाही."

"आणि घरचं?"

गिरजाबाईंना प्रश्नच कळला नाही. "घरच्याला कशाला दोरा, महाराज? घरचं ते घरातच. आम्ही अकरा जण आहोत की बघायला."

"अकरा," महाराज म्हणाले. "म्हणजे एकाने बघितलं तर अकरांनी बघितल्यासारखं. आणि एकाने नाही बघितलं तर?"

सगळे हसले. भीमा म्हणाली, "असं होतच नाही महाराज. कुणी ना कुणी असतंच."

महाराज लहान मुलाने मागावं तसा हात पुढे करून म्हणाले, "मग मला बांधा एक दोरा."

आता हे काय! यमुनेने हसत हसत हिरव्या सुताचे दोन तुकडे केले. एक गिरजाबाईंनी महाराजांच्या मनगटाला बांधला. दुसरा महाराजांनी स्वतःच घेतला आणि झोळीच्या दोरीला बांधून पाहू लागले. पण गाठ कसली येते! एकावर एक तीन वेढे, मध्येच एक फास, वर शेंडी बाहेर. भीमा पदर तोंडाला लावून म्हणाली, "महाराज, याला गाठ म्हणत नाहीत. हा गुंता झाला."

"मला हाच येतो," महाराज म्हणाले आणि तो सोडवून पुन्हा हातात घेतला.

तेवढ्यात सुंदराक्का आल्या. सोबत दोन गड्यांनी निर्माल्याचा हारा आणून शेवटच्या चिंचेच्या सावलीला ठेवला. अर्धी फुलं भरायची अजून बाकी होती. महाराजांनी तो हिरवा दोरा त्यांच्यापुढे धरला. "बाई, हा तुमच्याकडे असू द्या. दुपारी लागेल."

सुंदराक्कांनी दोऱ्याकडे पाहिलं, मग दिवट्यांच्या सुनांकडे पाहिलं. सगळ्यांसमोर! "मला काय दुधपितं पोर आहे, महाराज, ह्यांच्या रांगेत बसायला?" असं म्हणून त्यांनी दोरा घेतला खरा, पण चार पावलं जाऊन तो हाऱ्यातल्या फुलांवर टाकून दिला.

महाराजांनी ते पाहिलं. आणि नवल असं, की त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं! गिरजाबाईंनी पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट सांगितली, आणि प्रत्येक वेळी इथे थांबून त्या विचारायच्या, "दोरा फेकल्यावर कुणी खूश होतं का गं?"

दुपार झाली. काल्याचं कीर्तन रंगात आलं. इकडे झोळ्यांमध्ये एक लेकरू रडलं, त्याने दुसरं उठलं, दुसऱ्याने तिसरं. यमुनेने गोदाला सासूकडे दिलं आणि ती दोन झोळ्या हलवू लागली. गिरजाबाईंना एका लेकराला पाणी पाजायचं होतं. त्यांनी गोदाला भीमाकडे दिलं. भीमाला ओली लंगोटी बदलायला जायचं होतं, तिने शेवटच्या चिंचेखाली गोधडी अंथरली, गोदाला बसवलं, आणि जवळच झोळी सोडत असलेल्या रंगनाथाला म्हणाली, "भावोजी, ही इथे आहे हं." रंगनाथाच्या कानावर त्यातलं "इथे आहे" एवढंच पडलं. त्याला वाटलं, वहिनी इथे आहेत. तो झोळी घेऊन सावलीकडे गेला.

पाऊण तासाने यमुनेच्या अंगावर दूध दाटलं, तेव्हा तिने विचारलं, "आत्याबाई, गोदा?"

"भीमाकडे."

"जाऊबाई, गोदा?"

"भावोजींकडे दिली की."

रंगनाथ झोळी बांधत होता. त्याने मान वर केली. "माझ्याकडे? मी तर समजलो आईकडे आहे."

भाविकहो, अकरा माणसांच्या घरातच अशी चूक होते. एकटी आई असती तर तिने लेकराला क्षणभर सोडलं नसतं. इथे प्रत्येकाचा भरवसा दुसऱ्यावर होता, आणि तो भरवसा खोटाही नव्हता. पण अकरा भरवशांच्या मधोमध जेवढी फट राहिली, तेवढीच नऊ महिन्यांच्या लेकराला पुरली.

गोधडीवर कुणी नव्हतं. बाजूला नुसता एक खुळखुळा.

सगळे धावले. मल्हारी रांजणाकडे, रंगनाथ विहिरीकडे. यमुना प्रत्येक झोळी उघडून पाहू लागली. लाल-पिवळा दोरा, निळा-पांढरा दोरा, सगळ्या मनगटांवर दोरा. बिनदोऱ्याचं मनगट कुठेच नव्हतं. तेव्हा तिला सकाळचा प्रश्न आठवला.

वाटेवर पाटलांची गाडी निघाली होती. हारा भरून, शेला झाकून, वर हळदीकुंकू वाहून तयार. यमुना आडवी गेली. "पाटलीणबाई, माझी गोदा सापडेना. गाडीत बघू द्या. कुणी उचलून ठेवली असेल, कुठे मागे, कुठे..."

"निर्माल्याला शिवू नकोस," सुंदराक्का गाडीतूनच म्हणाल्या. "शेला झाकलाय. दिसत नाही?"

"हाऱ्यात नाही हो, गाडीत..."

"गाडीत मी आहे आणि निर्माल्य आहे. वेळ टळेल, बाजूला हो." आणि मग, बैल चालू लागल्यावर, त्यांच्या तोंडून ते वाक्य गेलं, "चाळीस पोरं सांभाळायला निघाल्या, आणि पोटचं एक सांभाळता येईना!"

यमुना धुळीत तशीच उभी राहिली. मग ती धावत मांडवात गेली, बायकांच्या रांगा ओलांडत थेट महाराजांच्या पायांशी. महाराज खांबाला टेकून, डोळे मिटून कीर्तन ऐकत होते.

"महाराज, गोदा नाही."

महाराजांनी डोळे उघडले. "तिला दोरा नव्हता ना, पोरी?"

"नव्हता. घरची म्हणून... चुकलं महाराज. आमचं सगळ्यांचं चुकलं."

"दोरा बांधला आहे आता," महाराज म्हणाले. "तू झोळ्यांकडे जा. तिथे एक्केचाळीस लेकरं आहेत आणि तुमच्या घरचं एकही माणूस नाही. आणखी एक हरवायला किती वेळ लागतो, हे तुला आज सांगायला हवं का?"

काय वाटलं असेल तिला! लेकरू हरवलेल्या आईला कुणी म्हणतं, जा, दुसऱ्यांची सांभाळ. महाराजांना एका शब्दात सांगता आलं असतं, अमुक ठिकाणी आहे, जा, घेऊन ये. का नाही सांगितलं? यमुनेनेही त्यांच्या तोंडाकडे तसंच पाहिलं. पण महाराजांचे डोळे शांत होते, आणि चिंचेकडून एका तान्ह्याचा टाहो ऐकू येत होता. ती उठली. झोळ्यांपाशी आली. दोन हातांनी दोन दोऱ्या धरल्या, पायाच्या अंगठ्यात तिसरी अडकवली, आणि हलवू लागली. डोळ्यांतून धारा चालल्या होत्या आणि तोंडाने अंगाई. ती अंगाई कुणाची होती, तिची तिलाच ठाऊक.

आणि मांडवात काय झालं, ते पुढच्या रांगेतल्या साऱ्यांनी पाहिलं. महाराजांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. हिरव्या दोऱ्याचं वितभर टोक मनगटाखाली लोंबत होतं, ते हळूहळू उचललं गेलं. वारा नव्हता. टोक सरळ झालं, ताठ झालं, पूर्वेकडे, नदीच्या दिशेला, जणू दुसऱ्या बाजूने कुणी ओढ घेतंय. महाराजांच्या कपाळावर घाम आला. मनगटावर दोरा रुतून लाल रेघ उमटली. कीर्तनकारांचा चिपळ्यांचा हात तसाच थांबला.

तिकडे डोहावर गाडी पोहोचली होती. राणूबाईचा डोह काळाभोर, तळ कुणी पाहिलेला नाही. सुंदराक्का गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. गड्यांनी हाऱ्याला हात घातला. मठीपाशी दोघांनी सहज उचलून गाडीत ठेवलेला तो हारा. आता जागचा हलेना. गाडीवान आला, आणखी एक वाटसरू आला. चौघांनी जोर केला.

"सकाळी जेवला नाहीत का रे?" सुंदराक्का ओरडल्या.

"आक्का," शिदू गडी धापा टाकत म्हणाला, "कुणीतरी मागून धरल्यावानी वाटतंय."

"काहीतरीच! सरका." त्या स्वतः गाडीशी आल्या. हाऱ्याच्या काठाला हात लावला, आणि त्यांच्याच मनगटाला ओढ बसली. दुखेल अशी नव्हती. घरातलं वडीलधारं माणूस, लेकरू चुलीकडे जाताना, त्याचा हात धरतं, तशी. त्यांनी हात काढला, पुन्हा लावला. पुन्हा तीच ओढ.

दंडक सांगत होता, शेला उघडायचा नाही. सात पिढ्यांत कुणी उघडला नव्हता. सुंदराक्कांच्या कानात मात्र त्या घटकेला एकच आवाज घुमत होता, धुळीत उभ्या राहिलेल्या पोरीचा. *गाडीत बघू द्या.*

त्यांनी शेला ओढला.

झेंडूच्या नि तुळशीच्या ढिगातून एक मूठ वर आली. इवलीशी. मुठीत चुरगळलेलं फूल. सुंदराक्कांनी दोन्ही हातांनी फुलं उपसली. आत गोदा झोपेतून जागी होत होती. काठ धरून उभी राहिली असेल, मऊ फुलांत कलंडली असेल, खेळता खेळता झोपली असेल, आणि उरलेलं निर्माल्य भरताना सुंदराक्काच म्हणाल्या होत्या, "आत काय बघताय? ओता आणि झाका." तिच्या गालाला कुंकू लागलं होतं. तिने अनोळखी तोंडाकडे पाहिलं, ओठ काढला, आणि रडायचं की नाही हे ठरेना म्हणून हात पुढे केला.

त्या हाताला हिरवा दोरा होता. आणि गाठ? एकावर एक तीन वेढे, मध्ये एक फास, वर शेंडी बाहेर.

सुंदराक्कांनी मागे वळून डोहाकडे पाहिलं. मग त्या तिथेच, चिखलात, मटकन खाली बसल्या.

गाडीत त्या पुन्हा चढल्या नाहीत. अर्धा कोस वाट, चैत्राचं ऊन, पायात काही नाही, रेशमी लुगडं चिखलाने भरलेलं, आणि छातीशी धरलेली गोदा. गावातल्या कुणीही पाटलीणबाईंना असं चालताना पाहिलं नव्हतं. वाटेत रंगनाथ भेटला. त्याने हात पुढे केले. "नाही," त्या म्हणाल्या, "हिला मीच नेलंय. मीच परत देईन."

चिंचेखाली यमुना पाठमोरी होती. दोन हातांत दोन दोऱ्या, पायात तिसरी. तिला पावलं ऐकू आली नाहीत. गोदाने मात्र आईची अंगाई ओळखली आणि जोरात हुंकार दिला. यमुना वळली. दोऱ्या सुटल्या. पुढचं मी काय सांगू! ज्यांनी लेकरू कुशीत घेतलंय त्यांनी ते आपापलं समजून घ्यावं.

महाराज तोवर तिथे आले होते. दिवट्यांच्या घरातली सगळी माणसं एकमेकांना विचारत होती, "दोरा तू बांधलास? तू बांधलास?" कुणीच बांधला नव्हता. भीमाने गाठ पाहिली, मग महाराजांच्या मनगटावरची लाल रेघ पाहिली, आणि सकाळी आपण हसलो होतो हे आठवून ती जीभ चावून मागे सरकली.

सुंदराक्का महाराजांच्या पायांवर कोसळल्या. महाराजांनी हलकेच पाय मागे घेतले. म्हणाले, "बाई, मी काय केलं? दोरा धरून बसलो होतो. शेला तुम्ही उघडलात. सात पिढ्यांचा दंडक एका लेकरासाठी मोडलात, तेवढं तुमच्याने झालं. आता बाकीचं तिच्याकडे." आणि त्यांनी यमुनेकडे पाहिलं.

यमुनेने खिरीची वाटी आणली. उष्टावणाला लेकरू मामाच्या मांडीवर बसवायचं, पण मामा लांबच्या गावचा, आलाच नव्हता. महाराज म्हणाले, "मांडीवर कोण घेणार?"

यमुनेने क्षणभर डोळे मिटले. मग गोदाला उचललं आणि सुंदराक्कांच्या चिखलाने भरलेल्या मांडीवर ठेवलं.

महाराजांनी चमच्याने खीर भरवली. गोदाने अर्धी गिळली, अर्धी सुंदराक्कांच्या पदरावर सांडली. सगळे हसले, आणि हसता हसता गिरजाबाईंना रडू फुटलं.

पुढच्या सप्ताहापासून दिवट्यांच्या घरात नवा नेम झाला. पहिला दोरा घरच्या लेकराला. आणि तो कोष्ट्याच्या गाठीने बांधत नाहीत. मुद्दाम, महाराजांना यायचा तसा, गुंता करून बांधतात. तो बांधायचा मान सुंदराक्कांचा. त्या पहाटेच यायच्या, गोणपाटं झटकायच्या, हळदीची रेघ ओढायच्या. एकदा कुणी नवखी बाई त्यांना म्हणाली, "पाटलीणबाई, तुम्ही इथे नाकं पुसत बसलात?"

"नाकं तर नाकं, बाई," त्या म्हणाल्या, आणि समोरच्या झोळीतल्या कुणा परक्या लेकराच्या पावलांवर वाकून त्यांनी कपाळ टेकलं.